टाकी खालीच बसवण्यात यावी

माझ्या लेखी सल्ल्याने आजपर्यंत एकच इंजिन उकळले आहे.

पौडला कचेरीसमोर टेबल-खुर्ची मांडून मी बावीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. शिक्षण नववीपर्यंत (दहावीचा वर्ग मी काही दिवस पाहिला, त्याने मला फार दिवस पाहिले नाही). तथापि 'सदरहू' हा शब्द माझ्याइतक्या योग्य जागी तालुक्यात दुसरा कोणी बसवत नाही. ज्याला शब्द जागच्या जागी बसवता येतो त्याला पाण्याची टाकीही बसवता येईल, असा माझा प्रामाणिक समज होता.

माझा मेव्हणा ज्ञानोबा याचे घोटावड्याला राहत्या घरालगतच गॅरेज आहे. भुकूमच्या नव्या सोसायटीत राहणाऱ्या एका साहेबांनी कासारसाईच्या बाजूला तंबूंचे पर्यटन काढले होते आणि पाहुण्यांची ने-आण करण्यास चार जुन्या जीप घेतल्या होत्या. ज्ञानोबाने एकीत मोठे डिझेल इंजिन बसवून दाखवायचे. ती पिरंगुटचा घाट न थांबता चढली तर उरलेल्या तिन्ही त्याच्याकडे. न चढली तर चारही पुण्याला. शेजारी दुसरे चकचकीत गॅरेज झाल्यापासून ज्ञानोबाकडे पंक्चरखेरीज काही येत नव्हते. त्याचे शटर उघडे राहणार की कायमचे पडणार, हे या एका जीपवर ठरणार होते.

इंजिन बसले. अडले ते पाण्यावर. नवे इंजिन जुन्या रेडिएटरपेक्षा वीतभर उंच झाले होते. त्याला थंड ठेवणारे हिरवे पाणी नळीतून वर चढे, आणि नेमकी सर्वांत उंच जागी हवा अडकून बसे. ज्ञानोबाने उपाय काढला होता: सगळ्यांच्या वर एक छोटी टाकी लावायची, म्हणजे हवा तीत निघून जाते. मात्र त्यासाठी बॉनेटला भोक पाडून टाकीचे डोके बाहेर काढावे लागणार होते.

ते भोक पाडण्याच्या ऐन क्षणी मी सपत्नीक सासुरवाडीस पोहोचलो. (माझे आगमन नेहमी वेळेवर असते.) मी तत्काळ हरकत नोंदवली. बॉनेटमधून टाकी डोकावते आहे अशी गाडी मोठ्या माणसापुढे नेणे शोभत नाही. शिवाय कोणतेही प्रकरण खालून सुरू होऊन टप्प्याटप्प्याने वर जाते, ही जगाची रीत आहे. सबब टाकी खाली, चाकाजवळ असावी.

"दाजी," ज्ञानोबा म्हणाला, "हवा वरच जाती. ती काय अर्ज करून खाली येनार हाय का?"

मी तोंडी वाद घालत नाही. तिथेच बॉनेटवर कागद पसरून मी निवेदन लिहिले, पाच मुद्दे, खाली सही, आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचले. ज्ञानोबाला पाचांपैकी एकही मुद्दा पटला नाही. परंतु ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या सासूबाईंनी निकाल दिला.

"जावायाचा शबूद मोडायचा न्हाई. बसव टाकी खाली."

त्या घरात जावई जेवताना मीठ कमी म्हणाला तर सर्वांच्या ताटात मीठ वाढतात. ज्ञानोबाने पाना खाली ठेवला, माझ्याकडे एकवार पाहिले, आणि टाकी खाली बसवली. अंगणात इंजिन मुकाट चालले. मी निवेदनाची घडी करून खिशात ठेवली.

पुढच्या रविवारी सकाळी परीक्षा. ज्ञानोबा चालवायला, शेजारी साहेब, मागे मी आणि सौभाग्यवती. मीही मेकॅनिक आहे काय, असे साहेबांनी विचारले. तांत्रिक सल्लागार, असे मी सांगितले.

घाट सुरू झाला. मी मधून मान घालून तापमानाच्या काट्यावर नजर ठेवली होती. काटा हलेना! पहिले वळण झाले, दुसरे झाले, काटा जागचा ढळला नाही. साहेब म्हणाले, "वा काका, टेम्परेचर एकदम स्टेबल आहे." मी म्हणालो, नियोजन.

ज्ञानोबा मात्र घामाने निथळत होता. न हलणारा काटा मला निर्दोष मुक्ततेसारखा वाटत होता. त्याला तो कसा वाटत होता हे नंतर कळले. काट्याला खबर देणारा भाग इंजिनाच्या सर्वांत उंच जागी होता. तिथे पाणी नव्हतेच, हवा होती. खाली इंजिन पेटायच्या बेतात आणि काटा आम्हाला हवेची खुशाली कळवतो आहे!

मग गूळ उकळल्यासारखा गोड वास आला. जवळपास गुऱ्हाळ असावे, अशी माहिती मी साहेबांना दिली. पुढच्याच वळणाला गुऱ्हाळ बॉनेटखालून बाहेर पडले. वाफेत रस्ता दिसेनासा झाला आणि माथा दोन वळणांवर असताना गाडी थांबली.

मी उतरलो आणि टाकीचे झाकण उघडण्यास वाकलो. ज्ञानोबाने कॉलर धरून मला मागे ओढले, म्हणून आज हे लिहिण्यास हात शिल्लक आहे. झाकण स्वतःच उडाले. हिरवे पाणी वर गेले, माझ्यापर्यंत येईतो कोमट झाले, आणि माझा पांढरा सदरा-लेंगा एकसारखा रंगला. कडेने मेंढरे घेऊन चाललेला एक धनगर थांबला.

"पावनं," तो म्हणाला, "जरा लांब उबं ऱ्हावा. हिरवं दिसलं की तोंड लावत्यात."

साहेबांनी फोन काढला. वाईट वाटते, पण गाड्या आता पुण्यालाच पाठवतो, असे ते ज्ञानोबाला म्हणाले.

"व्हय साहेब," ज्ञानोबा म्हणाला. "चूक माजीच हाय."

माझ्याकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. जावयाचे नाव घ्यायचे नसते. मी घसा साफ केला. माझ्याजवळ सुरुवाती पुष्कळ होत्या ('वस्तुस्थिती अशी की', 'नम्रपणे नमूद करतो की'), परंतु पुढचे वाक्य एकीलाही जोडले जाईना. तेवढ्यात सौभाग्यवती पुढे झाली.

"साहेब, माजा भाऊ टाकी वरच लावत हुता. ह्यांनी खाली लावायला लावली. कागूद लिवून."

साहेबांनी मला आपादमस्तक न्याहाळले (मस्तकही हिरवे होते) आणि विचारले, "का पण?"

लोकांच्या हजार गोष्टींना मी आजवर कारणे लिहून दिली आहेत. या गोष्टीला एकच निघाले. "दिसायला बरं म्हणून," मी म्हणालो.

साहेब रस्त्याच्या कडेला बसून हसले. हसणे ओसरल्यावर त्यांनी ज्ञानोबाला आठ दिवस दिले. आठ दिवसांनी बॉनेटमधून डोके काढलेली ती जीप घाट एका दमात चढली, असे ऐकतो. मला तीत जागा नव्हती.

तिन्ही जीपचे काम ज्ञानोबाला मिळाले. साहेबांना करार लेखी हवा होता, तेव्हा तो साहजिकच माझ्याकडे आला. नेहमीच्या अटी मी घातल्या. शेवटची अट सासूबाईंनी ओट्यावरून सांगितली.

"जावाय गाडीला हात लावनार न्हाईत, आन सल्लाबी देनार न्हाईत. लिवा."

मी लिहिले. 'प्रत्यक्ष, अप्रत्यक्ष, तोंडी, लेखी अथवा खुणेने' असे शब्द माझ्याच हातून उतरले. त्यानंतर कित्येक दुपारी मी त्या कलमात पळवाट शोधली आहे. सापडत नाही. ज्याने कोणी ते लिहिले, तो आपल्या कामात फार तरबेज आहे.