मंजुळेचं अंगण

शांते, मला सासरी न्यायला गाडी निघाली तेव्हा तू पाच वर्षांची होतीस, तुला आठवत नसेल. तापीकाठच्या आपल्या मळ्यातलं मोगऱ्याचं रोप मायने मुळांच्या मातीसकट काढलं, ओल्या फडक्यात बांधलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "पानी देत राहाय, जगी जाई," एवढंच म्हणाली. मी पंधरा वर्षांची होते. सोनगीर येईपर्यंत वाटेतल्या प्रत्येक विहिरीवर मी ते फडकं भिजवत राहिले.

तुझे दाजी तिथे शाळामास्तर होते, आणि बिजवर. त्यांची पहिली बायको मंजुळा दोन वर्षांपूर्वी तापाने गेली होती. लग्नातच सासूबाईंनी तिच्या नावाचा चांदीचा टाक माझ्या गळ्यात घातला. सवतीच्या टाकाला रोज हळदकुंकू लावायचं, म्हणजे ती त्रास देत नाही. मी लावायचे. पण ती टाकात नव्हती, अंगणात होती. दाराशी पांढरी कण्हेर, कुंपणाला तरवडाची पिवळी फुलं, पायरीच्या कडेने कोरफड आणि कोपऱ्यात खुरचाफा. सगळं तिने लावलेलं. दोन वर्षांत कोणी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं, तरी उभं होतं.

माझं काहीच जगेना. मोगरा चैत्रातच वाळला. मग मी गुलाब लावला, केळीचा कोंब आणला. सोनगीरच्या गडाखालच्या विहिरीवरून हंडा आणायचा, त्यातलं धुण्याभांड्यांचं पाणी राखून रोपांना घालायचं. वैशाखात विहीरच आटली. माझ्या वाळलेल्या रोपांशेजारी मंजुळेची कण्हेर मात्र फुलायची. दाजी संध्याकाळी पायरीवर बसत आणि तिकडे बघत. माझ्याशी कधी वाईट बोलले नाहीत. बोलायचेच कमी.

दुसऱ्या वर्षी फाल्गुनात मी कोयता घेऊन चाफा तोडला. त्यावर एक पान नव्हतं. वाळलाय असं मी स्वतःला सांगितलं, पण पहिल्याच घावाला फांदीतून पांढरा चीक गळायला लागला आणि तरीही मी थांबले नाही. फांद्या गोठ्यामागे फेकल्या. दाजी शाळेतून आले, बुंध्याकडे पाहत राहिले. "वाळला होता का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्या दिवसापासून ते पायरीवर बसेनासे झाले.

महिन्याभरात माझ्या पोटातलं चार महिन्यांचं गेलं. सासूबाई म्हणाल्या, "हाई तिनंच काम शे." मलाही तेच वाटत होतं. अंगणात गेले की पाठीमागे कोणीतरी उभं आहे असं भर दुपारी वाटायचं. मी तिकडे जाणंच सोडलं. शेवटी दाजींना म्हटलं, मला पारोळ्याला न्या, तिच्या आईकडे. मग शाळेला सुट्टी लागल्यावर घेऊन गेले.

दार उघडलं त्या म्हातारीने आधी माझा गळा पाहिला. टाकाला बोट लावून म्हणाली, "मंजुळानी जागावर उनी ना तू? मंग मनीच पोर शे. ये." म्हणजे मी तिचीच लेक.

दाजी ओसरीवर बसले. आत चुलीपाशी मी तिला सगळं सांगितलं. चाफा तोडल्याचं, मूल गेल्याचं. "तिचा राग आहे माझ्यावर," मी म्हटलं.

तिने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "मरेलले कसाना राग. राग जित्तासले येस. तुनं लगीन ऐकं तवय माले राग उना व्हता."

मग तिने मला मंजुळेबद्दल सांगितलं. तिचंही पहिल्या वर्षी सगळं जळालं होतं. माहेरून नेलेली जाई, शेवंती, काही राहिलं नव्हतं. इथे येऊन याच चुलीपाशी रडली होती. मग ऐन वैशाखात ती गडाच्या उतारावर एकटी हिंडली आणि कोणी पाणी न घालता काय हिरवं आहे ते बघून आली. "ती म्हने, जे वैशाखमा हिरवं शे, तेच लावसू." मी ऐकत होते. इतके दिवस मी जिला घाबरत होते, ती माझ्यासारखीच हंडा वाहून थकलेली एक मुलगी होती.

"फांद्या कोठे फेक्यात?" म्हातारीने विचारलं.

"गोठ्यामागे."

"जाय, देख. चाफा आसा मरत नही."

घरी आल्याबरोबर मी गोठ्यामागे गेले. उकिरड्यावर पडलेल्या फांद्यांच्या टोकांना बोटभर पानं फुटली होती. दाजींनी स्वतः कुदळ घेतली, खड्डे खणले. माती लोटताना म्हणाले, "तिला तरवडाचा पिवळा रंग आवडायचा." तिच्याविषयी ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले. मी म्हटलं, मग या बाजूलाही लावू.

माझं पहिलं बाळंतपण पारोळ्याला झालं. माय त्यावरून रुसली ती रुसलीच, आणि तापीकाठी माझं जाणं कमी झालं. तू पत्रात विचारलंस, अक्का, तुझं माहेर नक्की कोणतं? मायला मी हे कधी सांगू शकले नाही, म्हणून तुला लिहिते.

आता आम्ही जळगावला. थोरल्याची नोकरी इथे आहे. तुझे दाजी गेल्या वर्षी गेले ते तुला ठाऊक आहे. शेवटच्या दुपारी मी उशाशी बसले होते. जन्मभर त्यांनी मला 'अगं' म्हणूनच हाक मारली. त्या दिवशी तापात डोळे मिटून म्हणाले, "मंजुळा." सून माझ्याकडे बघायला लागली. मला वाईट वाटेल असं तिला वाटलं असावं. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "ओ, इथेच आहे."

त्यांचा चेहरा निवला. शांते, मला विचारशील तर माझं घर तिथे, जिथे मी दुसरीच्या नावाला ओ दिली आणि ती ओ मला खोटी वाटली नाही.