बिनपात्याचा दांडा

महाराष्ट्र नुकताच झाला होता. वणीला आमचं घर बाजाराच्या रस्त्यावर होतं. दर बाजारी जंगलातल्या पोडावरचा एक कोलाम आदिवासी म्हातारा आमच्या ओट्यापाशी पाणी प्यायला थांबायचा. त्याच्या खांद्यावर कुऱ्हाडीचा नुसता दांडा असे, पातं नसलेला. ओंजळीनं पाणी पितानाही तो दांडा खाली ठेवत नसे. मानेनं दाबून धरी.

एकदा मी विचारलंच, "बाबा, पातं कुठी गेलं?"

"घराले लाकडाची बल्ली तोडली म्हून जंगलवाल्यायनं नाक्यावर काढून घेतलं." तो हसला. "पातं म्या या बजारातून इकत घेतलं होतं, ते त्यायनं ठेवलं. दांडा जंगलातला, तो मले वापस देल्ला."

मीही हसलो. "मंग आता हा कायले वागवता?"

"रिकाम्या खांद्यानं चालणं जमत नाही ना, बापू."

नंतर बरेच दिवस तो फिरकला नाही. पुढल्या उन्हाळ्यात दिसला, तेव्हा दांडा खांद्यावर नव्हता. म्हातारा तो टेकत टेकत येत होता. कुऱ्हाडीचा दांडा असतो तरी केवढासा! तो जमिनीला टेकवायला माणसाला किती वाकावं लागतं, ते मी ओट्यावर बसून पाहत राहिलो.