दोन भागीदारांची एक रिस्क

“भाव पडला तर?” मी विचारलं.

“पडला तर थांबू. हिंमत हाय आपल्यात, साहेब.”

बोलणारा विलास. शेजारी त्याचे मोठे भाऊ सुधाकरराव. वडनेर भोलजीला दोघांची भागीदारीत डाळ मिल, आणि नांदुऱ्यात बसणारा मी त्यांचा सीए. विलासला सीसीची पूर्ण लिमिट उचलून हरभरा भरायचा होता. सीसी म्हणजे मालाच्या तारणावर बँक देते ती उचल. वापराल तितक्या दिवसांचं व्याज.

सुधाकरराव गप्प होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. मी तो होकार धरला.

हिशेब केला. क्विंटलमागे हजाराचा फटका बसला तरी मिल सहा महिने तग धरत होती. ही रिस्क कपॅसिटी, धंदा किती सोसेल ती. रिस्क टॉलरन्स वेगळी. माणूस किती सोसेल ती. फाईलमधल्या त्या रकान्यात मी ‘जास्त’ लिहून मोकळा झालो. मार्च एंडिंग होतं. बाहेर आणखी चार जण बसले होते.

माल भरला. महिन्याभरात भाव उतरू लागला, पण माझ्या आकड्याच्या आतच. “थांबा,” मी विलासला फोनवर सांगत राहिलो.

मग एका दुपारी विलास तणतणत आला. “साहेब, मी अकोल्याले गेलो अन् दादानं सारा माल इकला!”

मी सुधाकररावांना बोलावून घेतलं. ते आले, खुर्चीच्या कडेवर टेकले. चेहरा पार उतरलेला.

“काऊन इकला, दादा?” विलास ओरडला.

“रोज सकाळी मोबाईलवर भाव पायतो अन् घास उतरत नाही मले. महिना झाला.” मग ते माझ्याकडे वळले. “साहेब, तुमी सारं यालेच इचारलं. मले इचारलं असतं तर म्या अर्धाच भरा म्हटलं असतं.”

मी फाईल काढली आणि ‘जास्त’ खोडलं.

दोन महिन्यांनी भाव खरेदीच्याही वर गेला. मिल बुडाली नाही, वर्षाचा नफा गेला. भाऊ कितीतरी दिवस एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते. त्या वर्षीची फी मी मागितली नाही.

आता भागीदारांना मी वेगवेगळं बोलावतो. वेळ दुप्पट जातो, फी तेवढीच. पण धंद्याची सोसण्याची ताकद म्हणजे त्यातल्या सगळ्यात घाबरट भागीदाराची ताकद, आणि तो सहसा गप्प बसलेला असतो.