बापूंच्या जळक्या मोटारी

जुन्या मशिनरीच्या धंद्यात गोदाम कधी ना कधी रिकामं होतं, पण किस्से काही विकले जात नाहीत. ते साठतच राहतात. माझ्याकडचे बहुतेक बापूंचे आहेत.

मी भोरातल्या वकिलाचा मुलगा. कोर्टाची पायरी चढायची सोडून बापूंबरोबर विजेच्या जळक्या मोटारी, पाण्यात बुडालेले पंप, शॉर्ट होऊन बंद पडलेल्या गिरण्या विकत घ्यायला लागलो. बापू आंबवड्याचे मिस्त्री. माल मी शोधायचा, नवी तार गुंडाळून वायंडिंग त्यांनी करायचं, मग दोघांनी मिळून विकायचा. आता त्यांचे हात थरथरतात, म्हणून ते घरीच असतात.

* * *

एकदा एकाने ताजा हिरवा रंग मारलेली मोटार दाखवली. म्हणाला, "चालू कंडिशन आहे."

बापूंनी झाकण काढून नुसता वास घेतला. "व्हय, चालू व्हती. शिमग्यापातुर."

तो माणूस झाकण परत बसवायला लागला. मोटार खरंच होळीच्या आसपास जळली होती.

हल्ली लोक मला मोबाईलवर मोटारीचे फोटो पाठवतात. फोटोला वास नसतो.

* * *

एक कॉम्प्रेसर मी बापूंना न विचारता आणला. विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं होतं, "फक्त फ्यूज गेलाय."

बापूंनी पॅनल उघडलं. आतल्या सगळ्या वायरी वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या.

"खरं बोलला त्यो," बापू म्हणाले. "फ्यूज गेलाय. संगं बाकीची मंडळी बी गेल्यात."

आणि खाली बसून एकेक वायर सोडवायला लागले. तेच मला जास्त लागलं.

* * *

विकताना बापू प्रत्येक मशीनवर खडूने तिचा दोष लिहायचे. 'एकदा जळलेली.' 'पावसात भिजलेली.' मी डोक्याला हात लावायचो.

वेल्ह्याकडचे एक शेतकरी पंप घ्यायला आले. एकच पंप धड होता, त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. ते त्याच्याभोवती दोनदा फिरले. "ह्याच्यावर काय लिवलं न्हाई. म्हंजी तुमी कायतरी लपवताय."

बापूंनी खडू घेतला आणि लिहिलं, 'आवाज करतो.'

"आता कसं," म्हणत त्या शेतकऱ्यांनी पंप टेम्पोत घातला.

* * *

पासलीच्या हौसाबाईंची भाताची गिरणी होती. नवरा चैत्रात गेला आणि परतीच्या पावसात वीज पडून मोटार जळली. गिरणी चालवणारं माणूसच राहिलं नाही, म्हणून त्यांनी ती विकायला काढली. दिवाळीनंतर आम्ही टेम्पो घेऊन गेलो.

व्यवहार ठरला. मोटार उचलणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "एकडाव तिचा आवाज ऐकला असता. पर आता कुठला."

बापू खाली बसले. मला म्हणाले, "सायेब, भोरास्नं तार आन् वार्निश आणा."

मला वाटलं, दुरुस्त करूनच न्यायची असेल. तीन दिवस बापूंनी गिरणीच्या ओट्यावर बसून मोटार नव्याने गुंडाळली. पेटता बल्ब लावून त्याच्या उबेवर वार्निश वाळवलं. चौथ्या दिवशी सकाळी पट्टा चढवून बटण दाबलं.

गिरणी घरघरली. हौसाबाई दारातच उभ्या राहिल्या, तोंडाला पदर लावून. आवाज खालच्या आळीपर्यंत गेला असावा, कारण थोड्याच वेळात एकजण भाताचं पोतं घेऊन आली. मग दुसरी. भाताची पाटी उचलायला कुणी पुढे होईना, तेव्हा हौसाबाईंनी पदर खोचला आणि स्वतःच भात ओतायला लागल्या. दुपारपर्यंत दारात रांग होती.

ऊन कललं तशा त्या बाहेर आल्या. केसांवर, भुवयांवर भाताचा कोंडा. "बापू, न्या आता मोटार. बोलले त्ये बोलले."

बापू हत्यारं पिशवीत भरत होते. मान वर न करता म्हणाले, "न्हाई वैनी. आमी जळकाच माल घेतो. ही चालू हाय."