तात्या सही करीनात!

कॉम्प्युटरच्या धंद्यात सगळं पुसलं जातं. फ्लॉप्या खराब झाल्या, हार्डडिस्क गेल्या, आमचं ते सॉफ्टवेअर आता कुठल्या भंगारात पडलंय देव जाणे. किस्सा मात्र एकही डिलीट झाला नाही! उलट दोन जुनी माणसं भेटली, चहा आला, की एकातून दुसरा निघतोच. माझ्याकडचे तर निम्म्याहून जास्त एकाच माणसाचे आहेत. त्या माणसानं मला जेवढं रडवलं तेवढं माझ्या सासूनंही रडवलेलं नाही.

अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवचा काळ. बारामतीत खताच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस. मालक मुलाणी सर, पुण्यातली चांगली नोकरी सोडून आलेले, आणि मी सुनंदा, रोज इंदापूरहून एसटीनं येणारी. काम एका साखर कारखान्याचं होतं. आता ऊसवाल्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. उसाची लागण झाली की तारीख कारखान्यात नोंदवायची. आधी लावला त्याची तोड आधी. नियम एवढाच! पण यादी कारखान्याच्या कपाटात, आणि ज्याची ओळख त्याचा नंबर पुढं. म्हणून सरांच्या डोक्यातून निघालं की तीन गावांत सोसायटीच्या ऑफिसात कॉम्प्युटर ठेवायचे, ते फोनच्या लाईनवरून आमच्या मशीनला जोडायचे, आणि कुणीही यावं, पडद्यावर अख्खी यादी बघावी.

मी तीन महिने खपून ते बनवलं. टेस्टिंगही मीच केलं. सगळं पास!

सर म्हणाले, "सुनंदा, तू नव्या सुनेसारखी वापरतेस गं, जपून जपून. मला टेस्टिंगला सासू पाहिजे!"

आणि त्यांनी तात्यांना आणलं.

*

तात्या देवकाते. धोतर, टोपी, खिशाला शाईचं पेन. कारखान्याच्या शेतकी खात्यात तीस वर्षं हीच यादी हातानं लिहिली आणि नुकतेच रिटायर झाले. कॉम्प्युटरला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या मागं जाऊन वाकून बघितलं आणि म्हणाले, "ह्यात यादी हाय व्हय? बरं. यादीत फुडं सरकायच्या समद्या वाटा मला ठावं हायती."

सर म्हणाले, "म्हणून तर तुम्हाला बोलावलं, तात्या. त्या सगळ्या बंद करायच्यात."

कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यानं अट घातली होती. 'या यादीत लबाडी करता येत नाही' अशा कागदावर तात्यांची सही झाली, तर हंगाम कॉम्प्युटरवर. दसऱ्यापर्यंत झाली नाही, तर पुन्हा जुनं रजिस्टर, आणि सरांनी गाशा गुंडाळायचा.

तात्यांचा स्वतःचाही दोन एकर ऊस त्याच यादीत होता. नंबर एकसष्ट. त्यांची विहीर पौषात तळाला जायची. एकसष्ट नंबर म्हणजे दिवाळीनंतर पंधरा दिवसांत तोड, म्हणजे पाणी संपायच्या आत ऊस बाहेर. रोज आल्या आल्या आधी ते आपला नंबर बघायचे. "एकसष्ट. बास. कामाला लागू."

*

पहिल्याच दिवशी त्यांनी एक नोंद करायला घेतली. नाव टाकलं, क्षेत्र टाकलं, तारखेची जागा मोकळी सोडली.

मी म्हटलं, "तात्या, तारीख राहिली."

"ऱ्हाऊ दे की. दाब."

दाबलं. यादी आली. तारीख नसलेला गडी सगळ्यात वर, नंबर एक!

तात्या टाळी देत म्हणाले, "ज्यानं ऊस लावलाच न्हाय, त्याची तोड पयली! आमच्या रजिस्टरात येवढी सोय नव्हती बाबा!"

सरांनी जुन्या कॅलेंडरचा कागद उलटा करून भिंतीला चिकटवला आणि मार्करनं लिहिलं, 'नियम १ : मोकळी जागा चालणार नाही.' मग तात्यांनी एकतीस जून टाकली. तीही घेतली! नियम २. मग पुढच्या वर्षीची तारीख टाकली. नियम ३. जेवायच्या सुट्टीपर्यंत कागद निम्मा भरला आणि माझं तोंड हे एवढं झालं.

*

तीन गावांपैकी एका गावात कॉम्प्युटर सांभाळायला अलकावहिनी होत्या. कामाला वाघीण, पण फोनची लाईन मात्र गोगलगाय. 'नोंदवा' बटण दाबलं की दोन-दोन मिनिटं काही हलायचं नाही.

एक दिवस तात्या तिथून हसत हसत आले. म्हणाले, "आमच्या गावच्या शंकरचं रान वाढलं. एका एकराचं सात एकर झालं."

"कसं काय?"

"वयनीनं बटण दाबलं, काय हूईना. परत दाबलं. शंकर म्हनला, जरा जोरात दाबा! सात येळा दाबलं."

सातही नोंदी व्यवस्थित आमच्या मशीनमध्ये येऊन बसल्या होत्या!

तात्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "आमच्या येळंला एका एकराचं सात करायला मानसाला चार हेलपाटं घालाय लागायचं. तुमी लईच फुडं न्हेलं काम."

मी रागानं त्यांचा चहा स्वतःच पिऊन टाकला. पण त्यांचं खरं होतं. त्या दिवसापासून लागणीच्या एका पावतीची नोंद एकदाच, मग कुणी बटण ठोकून ठोकून मोडलं तरी.

*

पासवर्डचा किस्सा तर आमच्याकडं अजून लग्नाकार्यात सांगतात.

तात्या दुपारी खाली उतरले, समोरच्या एसटीडी बूथमधून अलकावहिनींना फोन लावला, आणि घसा खाकरून म्हणाले, "मुलाणी बोलतोय, बारामतीवरनं. जरा पासवर्ड सांगा बघू, मशीनमदी घोळ झालाय."

वहिनी म्हणाल्या, "खंडोबा. आनि सर, बाकीच्या दोन गावांचा बी त्योच हाय!"

तात्या जिना चढून वर आले ते देवाचं नाव घेतच.

सर चिडले नाहीत. तिन्ही गावांना स्वतः जाऊन आले. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला, आणि फोनवर साक्षात ब्रह्मदेवानं मागितला तरी सांगायचा नाही, असं बजावून आले.

पुढच्या आठवड्यात खरंच घोळ झाला. सरांनी घाईघाईत फोन लावला. "वहिनी, मुलाणी बोलतोय. पासवर्ड सांगता का?"

पलीकडून आवाज आला, "तुमी खरं मुलाणी सर असता तर इचारलाच नसता! ठेव फोन, भामट्या!"

खाडकन आपटला! सर रिसीव्हर हातात धरून कितीतरी वेळ हसत होते. त्या हंगामात वहिनींना साडी मिळाली ती त्या एका शिवीबद्दल.

*

एक किस्सा मला आजही सांगायला लाज वाटते. तात्यांना इंग्रजी वाचता यायचं नाही, आकडे मात्र यायचे. पडद्यावर सगळ्यात वर, पानाचा पत्ता असतो त्या पट्टीकडं बोट करून ते म्हणाले, "पोरी, माझं पान उघडलं की हितं शेवटाला एकसष्ट दिसतंय. हितं साठ टाकलं तर?"

"तात्या, ते तसं नसतं हो. तिथं हात लावायचा नसतो."

"लावायचा नसतो, का लावता येत न्हाय?"

साठ टाकलं. त्यांच्या शेजाऱ्याचं पान उघडलं. नुसतं उघडलं नाही, खाली 'बदल करा' हे बटणही आलं! कुणीही कुणाच्याही नोंदीत शिरावं, असा कारभार मी तीन महिने खपून केला होता.

मी डबा उघडलाच नाही. खिडकीकडं तोंड करून बसले. मला वाटलं, आपल्याला हे जमत नाही, उद्यापासून यायलाच नको. तात्या शेजारी येऊन बसले. स्वतःच्या फडक्यातली भाकरी आणि ठेचा माझ्यापुढं सरकवला.

"खा. तुजं लई चुकलं असं न्हाय. कुपान समदी जनं फुडनंच घालत्यात. ढोरं मागनं येत्यात, त्याला कोन काय करनार?"

ठेचा इतका जहाल होता, की डोळ्यांतलं पाणी कशाचं ते कुणाला कळलं नाही. संध्याकाळपर्यंत मी मागचं कुंपण घातलं. ज्याची नोंद, त्यालाच बदल मागता येईल. आणि सरांनी वर आणखी एक कुलूप घातलं. कुठलाही बदल करायचा तर सरांचा आणि माझा असे दोन पासवर्ड लागणार, आणि बदलाचं कारण तिन्ही गावांत पडद्यावर दिसणार.

*

त्या कुलपाची परीक्षा लगेचच झाली. कारखान्याचे एक संचालक जीपमधून आले. नंबर दोनशेच्या पुढं, पाहिजे होता पहिल्या दहात.

सर म्हणाले, "बसा साहेब. लगेच करू. सुनंदा, कारण लिहून घे. काय लिहायचं साहेब?"

"लिहा, मी संचालक आहे."

सरांनी मला तसंच टाईप करायला लावलं. मग पडदा त्यांच्याकडं वळवून म्हणाले, "नाव आणि कारण तिन्ही गावांत दिसेल. उद्या सकाळी सोसायटीत दूध घालायला आलेली सगळी माणसं वाचतील. करू ना?"

संचालकांनी एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा सरांकडं.

"राहू द्या. ऊस अजून कोवळाच आहे."

जीप गेल्यावर तात्या म्हणाले, "तीस वरसं म्या न्हाय म्हनायला शिकलो न्हाय. आनि ह्यो डबा दोन मिंटात न्हाय म्हनला."

*

दसरा आठ दिवसांवर आला. भिंतीवरचा कागद भरला, दुसराही भरला. तात्यांनी सगळ्या वाटा दोनदा चालून बघितल्या, सगळीकडं कुलूप. सरांनी सहीचा कागद पुढं ठेवला.

तात्या म्हणाले, "एक वाट हाय अजून."

"कुठली?"

"हाय एक."

बोलायलाच तयार नाहीत! दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. यायचे, आपला नंबर बघायचे, आणि सहीच्या कागदाला हात लावायचे नाहीत. मी कोड वरून खाली, खालून वर वाचला. सरांनी पुण्याच्या मित्राला बोलावून तपासून घेतलं, त्याला काही सापडेना. मी तर सरळ भांडले. "तात्या, माहीत असेल तर सांगा, नसेल तर सही करा! सरांनी नोकरी सोडलीय यापायी!"

तात्या उठले. टोपी घातली आणि घरी गेले.

चौथ्या दिवशी सकाळी दाढीबिढी करून आले. नंबर बघितला नाही. खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढं ठेवला. बदलाचा अर्ज होता, त्यांच्याच शाईच्या पेनानं लिहिलेला. नंबर एकसष्टची लागण आषाढातली नसून श्रावण संपतानाची आहे, तरी दुरुस्ती व्हावी. कारण : मी नोकरीत असताना रजिस्टरात माझी तारीख खोटी लिहिली.

ते रजिस्टर बघून ती तारीख कॉम्प्युटरमध्ये टाकली होती मीच. मोकळी नव्हती, एकतीस जून नव्हती. कुठल्याही नियमात सापडली नसती.

सरांनी अर्ज दोनदा वाचला. आपला पासवर्ड टाकला आणि कीबोर्ड माझ्याकडं सरकवला.

मी म्हटलं, "मी नाही टाकणार."

"टाक पोरी."

"तात्या, नंबर दीडशेच्या आसपास जाईल! माघ उजाडेल तोडीला! विहीर..." मी कीबोर्ड मागं सरकवला. "आणि हे कुणाला कधी कळणारसुद्धा नाही हो!"

"व्हय," तात्या म्हणाले. "म्हनून तर चार दिस लागलं."

मी पासवर्ड टाकला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर आला. पडद्यावरचा एकसष्ट गेला आणि त्या जागी एकशे अठ्ठेचाळीस आला. खाली त्यांचं नाव, आणि नावापुढं कारण.

सर म्हणाले, "तात्या, उसाला पाणी?"

तात्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"कुठं करायची सही?"