चिलटांच्या बोर्डावरचा शब्द

शालन आज सकाळी गेली.
तिला कुणी 'बिचारी' म्हणायचं नाही, आधीच सांगतो.

आता तब्येती.
नाना, शुगर खाली आली का?
सुमनवहिनी, गुडघा काय म्हणतो?
तळवलीच्या बाळ्या, तुझं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, हे कुणाकडून तरी वाचून घे.
मी बरा आहे. हात थरथरतो, टायपिंगला वेळ लागतो, एवढंच.

शालन कोण, ते ग्रुपवरच्या नव्या मंडळींसाठी.

ऐंशीनंतरची सुरुवातीची वर्षं. वाशीत बिल्डिंगी कमी, चिखल जास्त.
मी बोर्ड रंगवायचो. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं अक्षरं गिरवता गिरवता वाचून.
शालन आमची शेजारीण. जालन्याकडची, बौद्ध घरातली. त्यांच्या गावातली पहिली एमएस्सी. कॉलेजात टेम्पररी नोकरी.

आणि ती चिलटं पाळायची.

पिकल्या केळ्यावर बसतात तीच. दुधाच्या बाटलीत, तळाला रवा-गुळाचं खाणं, तोंडाला कापूस.

आमची ही विचारायची, "शालन, आम्ही हाकलून दमलो आणि तू पाळतेस?"
"वहिनी, तुमची हाकलून संपत नाहीत. माझी लाड करून मरतात."

प्रयोग साधा होता. तांबड्या डोळ्यांचे नर आणि पांढऱ्या डोळ्यांचे नर एकाच बाटलीत, माद्यांसोबत सोडायचे. पुढच्या पिढीत पिल्लं कुणाची जास्त, ते बघायचं.
तांबड्यांची जास्त. पांढऱ्यांना धड दिसत नाही, मादी गाठता येत नाही.

कॉलेजात प्रदर्शन ठरलं. विभागाच्या मोठ्या सरांनी बोर्डाचा मजकूर दिला.
'तांबडे डोळे : लायकी जास्त. पांढरे डोळे : लायकी कमी.'
इंग्रजीत फिटनेस, त्याचं त्यांनी केलेलं मराठी.

मी रंगवत होतो, तेव्हा सर सगळ्यांसमोर हसत म्हणाले, "शालनबाई, ही पांढरी म्हणजे कोट्यातली बरं का."
बाकीचेही हसले. शालन बाटल्या पुसत राहिली.

संध्याकाळी आमच्या दारात.

"भाऊ, रॉकेल आहे?"
"स्टो पेटवायचाय?"
"बोर्ड पुसायचाय."

तसेच परत कॉलेजात गेलो. रंग अजून ओला होता. मी चिंधी भिजवून दिली, ती पुसत पुसत बोलत होती.

"फिटनेस म्हणजे पुढच्या पिढीत कुणाची किती पिल्लं, एवढंच. तेही या बाटलीत, या उजेडात. मी तोच प्रयोग काळोखात केला भाऊ. पांढरी जवळजवळ बरोबरीला आली. दिवा मालवला की लायकी बदलते?"

"मग लिहू काय? तग?"
"तग अर्धा झाला. नुसतं जगून भागत नाही, पिल्लं व्हावी लागतात."

डोकं खाजवून शेवटी ठरलं. 'वंशवाढ'.
खाली बारीक अक्षरात 'या बाटलीत, या उजेडात'. आणि त्याखाली, 'काळोखात जवळजवळ सारखी'.

दुसऱ्या दिवशी सर बोर्डासमोर थांबले.

"पेंटर, मी लायकी लिहायला सांगितलं होतं."
मी तोंड उघडायच्या आत शालन म्हणाली, "सर, मी पुसला तो शब्द."
"चिलटांना वाईट वाटणार होतं का?"
"चिलटांना वाचता येत नाही सर. हॉलमध्ये येणाऱ्या पोरांना येतं."
"तुमच्या कायम नोकरीवर सही माझी लागते, बाई."
"माहीत आहे सर. पण त्यासाठी खोटं नाही लिहिणार."

सर गेले. बोर्ड कुणी उतरवणार कसा, ती दिवसभर तिथून हलेल तर ना. स्टूल ओढून बोर्डाखालीच बसली, येईल त्या पोराला बाटली हातात देऊन समजावत.

जूनमध्ये कॉलेजने तिला परत बोलावलं नाही.

लोक म्हणाले, एका शब्दापायी नोकरी घालवली. घालवली. मग घणसोलीच्या शाळेत रिटायर होईपर्यंत विज्ञान शिकवलं. एकदा मी विचारलं, परवडलं का गं?
म्हणाली, "माझ्या हातच्या प्रयोगावरून कुणी पोरींना लायकी शिकवली असती, ते परवडलं नसतं."

नशीब, दुर्दैव असले शब्द आज मला ऐकवू नका. दोन्ही रस्ते समोर होते, तिने एक निवडला.

शालन, या पेंटरभावाचा तुला शेवटचा जय भीम.

तिची मुलगी हे सगळं वाचते आहे. ज्यांना ज्यांना तिने शिकवलं त्यांनी एकेक ओळ तरी लिहा.
लवकर लिहा, वाट बघतोय.