मागच्या दारानं आलेल्या महालक्ष्म्या

पांढऱ्या मार्बलची मला किळस येते. कुणाच्या घरी दिसला की चपला काढायच्या आधीच माझं डोकं उठतं.

आमचं रायपूरच्या शंकर नगरचं घर बाबांनी रेल्वेच्या नोकरीत असताना बांधलं. वर छपराला खपरे, खाली साधी फरशी, आणि दार दिवसभर सताड उघडं. भादव्यात महालक्ष्म्या यायच्या तेव्हा आई ओल्या कुंकवात मूठ बुडवून फाटकापासून देवघरापर्यंत त्यांची पावलं काढायची. पुढचे कितीतरी दिवस फरशी लाल राहायची. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि घरांना शिंगं फुटली. शेजारी साहेब लोक आले, त्यांच्या बंगल्यासारख्या कोठ्या चमकल्या, तसं माझ्या धाकट्या भावाचंही डोकं फिरलं. बाबा गेल्यावर त्यानं घर पाडून दुमजली कोठी उठवली. समोर मार्बलचा हॉल. सोफे ढीगभर, पण टेकायची सोय नाही. वहिनी लगेच कुशन सरळ करायला धावते. आईची खोली मागे, गाडी उभी राहते तिथं, पाण्याच्या मोटारीला लागून. तिला जायला-यायला वेगळं दार. काहून? तर ती गुडघ्यांना तेल लावते आणि त्याचे डाग हॉलमध्ये पडतात. शी!

नव्या घरातल्या पहिल्याच महालक्ष्म्या. आदल्या दिवशी भाऊ म्हणाला, "आई, सामने कुंकू मत लगाना, दाग नहीं जाता. त्यांना मागच्या दारानं आण अन् देवघरात बसव. हिनं पावलांचे स्टिकर आणले आहेत."

स्टिकर! माझ्या तोंडात शिवीच आली.

"लाज नाही वाटत तुले? लक्ष्मीले मागच्या दारानं आणतोस?"

"दीदी, तू नहीं समझती," म्हणत तो फोन कानाला लावून निघून गेला.

मी आईला म्हटलं, चल माझ्याकडे. पण तिच्या सासरच्या महालक्ष्म्या लेकीच्या घरी नेत नाहीत. बसतील त्या इथंच, आणि येतील त्या मागूनच.

दुसऱ्या दिवशी तिनं मुखवटे उचलले, मी थाळी वाजवली. मोटारीजवळून ओल्या कुंकवाची लाल पावलं निघाली आणि तिच्या खोलीत येऊन थांबली. पलंग तिनं आधीच भिंतीशी उभा केला होता. तिथंच तिनं महालक्ष्म्या बसवल्या आणि रात्री स्वतः खाली सतरंजी टाकली.

जेवणाच्या दिवशी भावानं बोलावलेले साहेब आणि त्यांच्या बायका दर्शनाला आल्या. सगळी वरात गाडी आणि भिंतीच्या मधून अंग चोरत मागे गेली. एकीची रेशमी साडी मोटारीच्या ग्रीसला लागली. मला बरं वाटलं, खोटं काहून बोलू!

वहिनी दातओठ खात आली. "आई, आत एवढं मोठं देवघर आहे. इथं काहून बसवल्या?"

आई नैवेद्य वाढून राहिली होती. वर न पाहता म्हणाली, "मले वाटलं, माझं घर एवढंच हाय."